डोळे मिटताना ऐकायचं संथ संगीत: तुम्हाला काय सापडलं?

मंद्रसप्तक (धागाकर्ती)

रात्री ऐकायला काहीतरी संथ शोधायला गेलं की ‘गाढ झोप’, ‘डीप स्लीप’, ‘रिलॅक्स’ अशा नावांच्या प्लेलिस्टांची रांग लागते. त्यातल्या पुष्कळ ऐकून मी आता एका मतावर आले आहे. झोपेच्या नावाने खपणारं संगीत वेगळं आणि झोप येऊ देणारं संगीत वेगळं. दुसऱ्या प्रकारचं शोधायला वेळ लागतो, म्हणून हा धागा काढते आहे.

पहिलं कारण अगदी व्यवहाराचं आहे. स्पॉटिफायवर एखादा तुकडा ३० सेकंद वाजला की तो ‘ऐकला’ म्हणून मोजला जातो. मग अर्ध्या तासाची एक सलग रचना करण्यापेक्षा दोन-अडीच मिनिटांचे डझनभर तुकडे केलेले परवडतात. परिणाम असा की दर दोन-अडीच मिनिटांनी एक पियानो थांबतो, क्षणभर काहीच नसतं, आणि मग दुसराच पियानो वेगळ्या पट्टीत, वेगळ्या खोलीच्या घुमण्यासकट सुरू होतो. दिवसा हे लक्षातही येत नाही. डोळा लागत असताना मात्र तेवढ्या बदलानेही कान टवकारले जातात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गाणं ऐकताना आपण सतत थोडे पुढे असतो. मुखडा कधी परत येणार, सम कुठे पडणार, तान कुठे उतरणार. गाण्याची गोडी त्या वाट बघण्यात असते आणि तीच माणसाला जागं ठेवते. झोपताना मला असं संगीत हवं असतं, जे कशाचीही वाट बघायला लावत नाही.

ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोचा १९७८ सालचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’ हा अल्बम या दृष्टीने नीट ऐकण्यासारखा आहे. त्यातल्या दुसऱ्या तुकड्यात वाद्य नाही, शब्दही नाहीत; फक्त गळ्यातून काढलेले लांब सूर आहेत. प्रत्येक सूर टेपच्या वेगळ्या लांबीच्या लूपवर आहे. एक साधारण साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळपास २६ सेकंदांनी, तिसरा जवळपास ३० सेकंदांनी. प्रत्येक लूप आपापल्या चालीने फिरत राहतो. त्यामुळे कधी दोन सूर एकमेकांवर येतात, कधी एकटाच सूर येऊन विरतो, कधी बराच वेळ काही नसतं. सूर तेच असले तरी त्यांची जुळणी ऐकता ऐकता पुन्हा तशीच येत नाही. पुढचं ओळखता येत नाही हे मनाला कळतं आणि थोड्या वेळाने ते ओळखायचा नाद सोडून देतं.

याच्या आधीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९७५ च्या जानेवारीत ईनोला अपघात झाला होता. तो अंथरुणावर असताना भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्पची एक रेकॉर्ड आणली. ती गेल्यावर त्याने कशीबशी रेकॉर्ड लावली आणि परत येऊन आडवा झाला, तेव्हा लक्षात आलं की आवाज फारच बारीक आहे आणि एक स्पीकर बंद आहे. उठायचं बळ नव्हतं. तशीच ती रेकॉर्ड बाहेरच्या पावसात मिसळून ऐकू येत राहिली. त्याच वर्षी ‘डिस्क्रीट म्युझिक’ आला. तो अगदी हळू, अधूनमधून ऐकूही येणार नाही इतक्या कमी आवाजात लावून बघा, असं त्याने सोबतच्या टिपणात सुचवलं आहे. त्याची पहिली बाजू अर्ध्या तासाची सलग आहे. नवख्यांना मी तीच सुचवते.

तुम्ही काय ऐकता? नुसती नावं नकोत, ते का चालतं तेही लिहा.

---

टेपवाला

छान धागा. अँबियंट, म्हणजे लक्ष वेधून न घेता खोलीत भरून राहणारं संगीत, हा माझा वर्षानुवर्षांचा विषय आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

ईनोपासून पुढे जायचा सोपा रस्ता म्हणजे त्याचे साथीदार पकडणे. हॅरल्ड बडचा पियानो ऐका. १९८० चा ‘द प्लॅटो ऑफ मिरर’ आणि १९८४ चा ‘द पर्ल’, दोन्ही ईनोसोबतचे. बड एक स्वर वाजवतो आणि तो पूर्ण विझेपर्यंत थांबतो. पट्टी दाबल्याचा ठोका इतका मऊ आहे की स्वर कुठून सुरू झाला ते सांगता येत नाही. झोपेसाठी पियानो निवडताना मी हेच बघतो. स्वराची सुरुवात टोकदार असेल तर चाल कितीही संथ असो, माझ्या उपयोगाची नाही.

मग जपानकडे वळा. हिरोशी योशिमुराचा १९८२ चा ‘म्युझिक फॉर नाईन पोस्ट कार्ड्‌स’ टोकियोच्या हारा म्युझियममध्ये वाजवला गेला होता. एक कीबोर्ड, छोटे छोटे स्वरसमूह, मध्ये भरपूर मोकळी जागा. १९८६ चा ‘ग्रीन’ त्याहून भरलेला आणि उजळ. ‘ग्रीन’ मी संध्याकाळी लावतो आणि ‘पोस्ट कार्ड्‌स’ रात्री. दोन्ही अल्बम बरीच वर्षं मिळत नव्हते. आता नव्याने निघाले आहेत आणि सहज ऐकता येतात.

स्टीव्ह रोचच्या ‘स्ट्रक्चर्स फ्रॉम सायलेन्स’ (१९८४) मधली शीर्षकरचना अर्ध्या तासाच्या आसपास आहे. श्वास घ्यावा आणि सोडावा तशी ती फुगते आणि ओसरते. थोडा वेळ ऐकलं की आपला श्वास तिच्या चालीवर येतो. ज्यांना अंथरुणात पडल्यावर धाप लागल्यासारखं वाटतं, विचार थांबत नाहीत, त्यांनी हीच आधी ऐकावी.

एक सावधगिरीही सांगतो. एफेक्स ट्विनचा १९९४ चा ‘सिलेक्टेड अँबियंट वर्क्स व्हॉल्यूम टू’ प्रत्येक यादीत असतो. अल्बम मोठा आहे, मला अतिशय प्रिय आहे; पण त्यातले काही तुकडे चांगलेच अस्वस्थ करणारे आहेत. अंधारात एकटं असताना ते अंगावर येतात. त्यातून निवडून घ्या, आख्खा लावू नका.

---

पहाटवारा

वाचनखूण साठवली. ‘पोस्ट कार्ड्‌स’ आत्ताच लावलं आहे. याला संगीत म्हणावं की खोलीतली हवा बदलली म्हणावं कळत नाही, पण खांदे सैल झाले एवढं नक्की.

---

खर्जातला

मंद्रसप्तक, तुमचं आयडी बघून वाटलं होतं की तानपुऱ्यावर काहीतरी येईल. नाही आलं, तर मी लिहितो.

माझ्या मते झोपेसाठी नुसता तानपुरा पुरतो. चार तारा असतात. पहिली पंचमाची, मालकंसासारख्या रागात पंचम नसतो म्हणून मध्यमाची, मग षड्जाची जोडी, शेवटी खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. या चार तारा एकामागून एक छेडल्या जातात आणि पुन्हा पहिल्यापासून. कागदावर हे कंटाळवाणं वाटेल. पण जवारी, म्हणजे तारेचा झणकार, नीट लागलेली असेल तर प्रत्येक तार छेडल्यावर आधी तिचा मूळ स्वर येतो आणि मग त्यातून वरचे स्वर एकेक करून उमलत जातात. खर्जाच्या तारेतून गंधार स्वच्छ ऐकू येतो, जो कोणी छेडलेलाच नसतो. घोडीवर तारेखाली जो बारीक दोरा सरकवतात, तो केसभर इकडेतिकडे झाला की हे सगळं बदलतं. कान या उमलण्यात गुंततात, आणि तिथे वाट बघण्यासारखं काही नसतं, कारण पुढची तार तीच आहे.

फक्त तानपुऱ्याचं अ‍ॅप जपून निवडा. पुष्कळ अ‍ॅप काही सेकंदांचा एकच नमुना फिरवत राहतात. तो जोडला आहे ती जागा एकदा कानाला सापडली की मग दर वेळी तीच ऐकू येते आणि झोपेचं खोबरं होतं. खऱ्या तानपुऱ्याचं तासाभराचं सलग रेकॉर्डिंग शोधा. माणसाच्या बोटाने छेडलेले दोन आघात कधी एकसारखे नसतात.

आता मूळ मुद्दा. अँबियंट पाश्चात्त्यांचं आणि तानपुरा आपला, अशी वाटणी करण्यात अर्थ नाही. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले. ला माँट यंग, मरियन झाझीला आणि टेरी रायली हे त्यांचे शिष्य झाले. तिघंही आपापल्या जागी नाव असलेले कलाकार. तरी गुरूसमोर बसून सूर लावायला शिकले. ट्रम्पेटवादक जॉन हॅसलही प्राणनाथांकडे शिकला. त्याच हॅसलने १९८० मध्ये ईनोबरोबर ‘पॉसिबल म्युझिक्स’ हा अल्बम केला. हॅसलचा ट्रम्पेट ऐका, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणं) कळेल. म्हणजे किराण्याच्या एका गवयापासून ईनोच्या स्टुडिओपर्यंत मध्ये फक्त एक माणूस आहे.

वहीद खाँसाहेबांची बढत, म्हणजे रागाचा विस्तार, अतिशय संथ, एकेका स्वरावर मुक्काम करत जाणारी होती. तो धीर प्राणनाथांच्या गाण्यात पुरेपूर आहे. त्यांच्या गाण्यात मला जेवढी सावकाशी मिळते तेवढी कुठल्याही सिंथेसायझरवाल्यात मिळत नाही.

---

स्वरवेल

खर्जातला यांच्या माहितीबद्दल आभार, पण मला यात एक गोष्ट बोचते. ज्या बुजुर्गांनी आयुष्यभर एकेका स्वराचा रियाज केला, त्यांचा दरबारी राग लावायचा आणि झोपून जायचं? दरबारीचा आंदोलित गंधार ऐकायला कान जागे लागतात. झोपेसाठी पावसाचा आवाज लावा, पंखा लावा. रागाला पार्श्वभूमीला बसवू नका, एवढीच विनंती.

---

टेपवाला

स्वरवेल, तुमची कळकळ समजते. पण संगीतकारांनी स्वतःच झोपलेल्या श्रोत्यांसाठी मनापासून काम केलेलं आहे, तेही इथे नोंदवतो.

रॉबर्ट रिचने १९८२ मध्ये स्टॅनफर्डला विद्यार्थी असताना रात्रभर चालणाऱ्या ‘स्लीप कॉन्सर्ट’ सुरू केल्या. लोक स्लीपिंग बॅग घेऊन यायचे आणि तो रात्रभर वाजवायचा. त्याच कल्पनेवर २००१ मध्ये त्याने ‘सॉम्नियम’ काढला, सुमारे सात तासांचा. मॅक्स रिक्टरचा ‘स्लीप’ २०१५ चा, साडेआठ तासांच्या आसपास. त्यासाठी त्याने डेव्हिड ईगलमन या मेंदूशास्त्रज्ञाशी चर्चा केली होती. बीबीसी रेडिओ ३ ने तो मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत थेट प्रसारित केला आणि समोर बसलेल्या, म्हणजे खरं तर खाटांवर झोपलेल्या श्रोत्यांसाठी वादक रात्रभर वाजवत होते. रिक्टरच्या दृष्टीने झोपलेला श्रोता हाच त्या संगीताचा श्रोता आहे. यात मला कुठे अनादर दिसत नाही.

बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’बद्दलही झोप न येणाऱ्या एका सरदाराची कथा सांगतात. ती १८०२ मधल्या चरित्रातून आली आहे आणि अभ्यासकांना तिच्याबद्दल शंका आहे, म्हणून तिच्यावर भर देत नाही.

---

खर्जातला

स्वरवेल, दरबारीच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा. ज्या मैफिलीला मी जागेपणी न्याय देऊ शकलो नाही ती मी झोपेसाठी लावत नाही. पण एकदा मनापासून ऐकलेला, ओळखीचा झालेला आलाप रात्री मंद आवाजात सोबतीला असणं मला अनादराचं वाटत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे आख्खं रेकॉर्डिंग लावू नका. संथ आलापानंतर जोड येतो, त्यात लय सुरू होते, मग येतो झाला, तो जलद. रुद्रवीणेचा आलाप ऐकत डोळा लागलेला असतो आणि तासाभराने झाल्यातल्या चिकारीच्या, म्हणजे उंच सुराच्या, तारा डोक्यात वाजतात. जोड किती मिनिटांनी सुरू होतो ते दिवसा बघून ठेवा आणि टायमर त्याच्या आधी संपेल असा लावा. दुसरी गोष्ट, मैफिलीतलं रेकॉर्डिंग टाळा. ‘क्या बात है’ आणि टाळ्या नेमक्या सगळ्यात नाजूक जागेनंतर येतात. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग घ्या.

झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणा ज्यांनी ऐकली नाही त्यांनी जरूर ऐका. वाद्याचा खर्ज गहिरा व्हावा म्हणून त्यांनी वीणेची घडणच बदलून घेतली होती, भोपळे मोठे केले होते. एकच स्वर ओढून तो पुढच्या स्वरापर्यंत नेताना मधली सगळी वाट ऐकू येते.

---

रात्रपाळी

मी रुग्णालयात रात्रपाळी करते, त्यामुळे माझी झोप दिवसाची. बाहेर गाड्या, माणसं, दारं वाजणं चालूच असतं. तुम्ही सांगताय ते सगळं फार सुंदर आहे, पण मोकळ्या जागा असलेलं संगीत लावलं की त्या मोकळ्या जागांमध्ये हॉर्न ऐकू येतात. आणि आवाज वाढवला तर संगीतच जागं ठेवतं. यावर उपाय आहे का? इयरबड घालून झोपले तर कान दुखतो.

---

साउंडचेक

रात्रपाळी, तुमचा प्रश्न ध्वनीचा आहे. याच क्षेत्रात काम करतो म्हणून नीट लिहितो.

संगीताखाली एक सलग थर घाला. व्हाइट नॉइजमध्ये प्रत्येक हर्ट्झला सारखी ऊर्जा असते, म्हणून कानाला तो वरच्या बाजूला ‘हिस्स’ असा झोंबतो. पिंक नॉइज दर सप्तकाला ३ डेसिबलने उतरतो, तो पावसासारखा लागतो. ब्राऊन नॉइज ६ डेसिबलने उतरतो, तो दूरच्या धबधब्यासारखा खोल. गाड्यांच्या घरघरीसाठी ब्राऊन, माणसांच्या बोलण्यासाठी पिंक, असं साधारण धरा. आधी हा थर लावा, बाहेरचे चढउतार त्यात बुडतील इतकाच ठेवा, आणि मग त्याच्यावर संगीत अगदी बारीक सोडा. झोप मोडते ती मुख्यतः अचानक वाढलेल्या आवाजाने. खोलीतला सलग आवाज थोडा वर आणला की हॉर्न आणि खोली यांच्यातला फरक कमी होतो.

पण याला मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं आहे. ते म्हणजे कुजबुजीइतकं. म्हणून आधी खिडकीच्या फटी बंद करा, जाड पडदा लावा. उरलेल्या आवाजावरच थर घाला. थर वाढवत वाढवत नेऊ नका.

इयरबड कुशीवर झोपलं की दाबला जातो, म्हणून कान दुखतो. कापडी पट्टीत चपटे स्पीकर असलेले हेडबँड मिळतात किंवा उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर मिळतो, ते बघा. वायरवाले हेडफोन घालून मात्र झोपू नका, वायर गळ्याभोवती येते.

आता सगळ्यांसाठी एक. आवाज कमी केला की कानाला खालचे स्वर प्रमाणापेक्षा जास्त कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं आहे. म्हणून खर्जावर उभी असलेली रचना रात्री बारीक आवाजात लावली की तिचा पायाच नाहीसा होतो आणि वरची किणकिण तेवढी उरते. मग लोक म्हणतात, ‘एवढं नाव ऐकलं होतं, पण मजा नाही आली.’ इक्वलायझरमध्ये बास थोडा वर घ्या, सगळ्यात वरचे पट्टे थोडे खाली. फोनच्या स्वतःच्या स्पीकरला तर खर्ज झेपतच नाही, त्यावर तानपुरा लावणं म्हणजे तानपुऱ्यावर अन्याय आहे.

फोनची तयारीही आधीच करा. अल्बम डाउनलोड करून ठेवा, ऑटोप्ले बंद, फोन एअरप्लेन मोडवर. जाहिरातीवाल्या फुकट सेवेवर झोपेचं संगीत लावूच नये, दोन रचनांमध्ये जाहिरात ओरडते. आयफोनच्या घड्याळात टायमर संपल्यावर ‘स्टॉप प्लेइंग’ असा पर्याय असतो, तो कुठल्याही अ‍ॅपला लागू पडतो.

---

रात्रपाळी

हे इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. हेडबँड मागवते आणि आज ब्राऊन नॉइजवर ‘स्ट्रक्चर्स फ्रॉम सायलेन्स’ लावून बघते.

---

ओळखीचा_अनोळखी

४३२ हर्ट्झच्या संगीताबद्दल कोणीच कसं बोललं नाही? त्याने शरीर लगेच शांत होतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आणि बायनॉरल बीट्स?

---

साउंडचेक

वाद्यं मिळवायचा प्रचलित आकडा ४४० हर्ट्झ. ४४० आणि ४३२ मधला फरक एका अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका आहे. आपल्याकडे गवई आपल्या गळ्याप्रमाणे षड्ज लावतो, कोणी पेटीची काळी एक, कोणी पांढरी चार, आणि साथीचा तानपुरा त्याला मिळवून घेतात. षड्ज कुठेही असला तरी यमन यमनच राहतो. मग एका आकड्यात शांती साठवलेली असेल हे मला पटत नाही. त्या व्हिडिओंमधलं संगीत पुष्कळदा संथ आणि मऊ असतं, गुण आला तर त्यामुळे येत असावा.

बायनॉरल बीट्स हा खरा ध्वनिपरिणाम आहे, डोव्हे या जर्मन शास्त्रज्ञाने तो १९व्या शतकात शोधला. दोन कानांना किंचित वेगळे स्वर दिले की मेंदूत एक ठेका जाणवतो. त्याला हेडफोन लागतातच. झोपेवर त्याचा उपयोग होतो का, याबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मी त्यासाठी पैसे घालवणार नाही.

---

शांतरस

अभ्यासांचा विषय निघालाच आहे तर थोडं माझ्याकडून. मी वैद्यकीय क्षेत्रातली आहे.

निद्रानाश असलेल्या प्रौढांवर संगीताचा काय परिणाम होतो याचा, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०२२ मध्ये सुधारून निघाला. त्यात १३ अभ्यास आणि १००७ लोक होते. रोज २५ ते ६० मिनिटं संगीत ऐकणाऱ्यांनी आपली झोप सुधारली असं सांगितलं. हा पुरावा मध्यम भरवशाचा आहे. यंत्राने मोजलेल्या झोपेत तितका स्पष्ट फरक दिसत नाही. माझ्या दृष्टीने सकाळी उठल्यावर माणसाला कसं वाटतं यालाही मोल आहे, म्हणून मी संगीत सुचवते.

‘वेटलेस’ या २०११ च्या रचनेबद्दल जे मोठमोठे टक्के फिरतात ते मात्र सोडून द्या. ते अंघोळीची उत्पादनं बनवणाऱ्या एका कंपनीने करवून घेतलेल्या छोट्या चाचणीतले आहेत. रचना चांगली आहे. तिची लय मिनिटाला ६० ठोक्यांपासून ५० पर्यंत उतरत जाते, आणि उपयोग व्हायला तेवढं पुरेसं आहे.

२०२१ मध्ये मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. झोपण्याआधी लोकप्रिय गाण्यांच्या फक्त वाद्यांवरच्या आवृत्त्या ऐकवल्या, तर शब्दांसकट गाण्यांपेक्षाही त्या जास्त डोक्यात घोळत राहिल्या आणि झोप बिघडली. मेंदू गाळलेले शब्द भरत बसतो. म्हणून आवडत्या गाण्यांचं पियानोवर किंवा बासरीवर काढलेलं ‘रिलॅक्सिंग व्हर्जन’ रात्री नको. मंद्रसप्तक यांनी वाट बघण्याबद्दल जे लिहिलं आहे, त्याच्याशी हे अगदी जुळतं.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने झोप येत नसेल तर त्याला दीर्घ निद्रानाश म्हणतात. त्यावर पहिला उपचार म्हणजे सीबीटी-आय ही वर्तन-उपचारपद्धती, गोळी त्यानंतर. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर प्लेलिस्ट बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

---

काननाद

मला दोन्ही कानांत सतत शीळ वाजते. पूर्ण शांतता माझ्यासाठी सगळ्यात वाईट, कारण मग तीच एक उरते. इथे कोणी सारखाच त्रास असलेलं असेल तर सांगते: बडचा पियानो माझ्या कामाचा नाही, दोन स्वरांमध्ये शीळ परत येते. स्टार्स ऑफ द लिडचा २००७ चा दोन सीडींचा अल्बम (नाव लांबलचक आहे, ‘रिफाइनमेंट ऑफ द डिक्लाइन’ असं शोधा) खूप उपयोगी पडला. तंतुवाद्यं, हॉर्न आणि गिटार इतके लांबवलेले आहेत की कुठलं वाद्य कुठलं ते कळत नाही आणि मध्ये रिकामी जागा जवळजवळ नाही. आवाज शिळेपेक्षा किंचित कमी ठेवते. पूर्ण झाकायचा प्रयत्न केला तर बंद केल्यावर शीळ अंगावर येते.

---

मंद्रसप्तक

काननाद, हे फार मोलाचं लिहिलंत. रात्रपाळी आणि तुम्ही, दोघींना भरलेलं संगीत हवं. मला रिकाम्या जागांचं लागतं. धाग्याच्या सुरुवातीला नवख्यांना मी ‘डिस्क्रीट म्युझिक’ची पहिली बाजू सुचवली होती, त्यात आता भर घालते: आपली खोली आणि आपले कान बघून निवडा.

शोधायचं कुठे, असं काहींनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं आहे. अल्गोरिदमपेक्षा माणसांनी निवडलेलं मला जास्त लाभतं. ‘हार्ट्‌स ऑफ स्पेस’ हा रेडिओ कार्यक्रम स्टीफन हिलने १९७३ मध्ये बर्कलीच्या केपीएफए केंद्रावर सुरू केला. तासभर, एका विषयाभोवती, रचना एकमेकींत विरघळवून. पट्टी कुठे बदलायची हे त्याला कळतं, म्हणून झटका बसत नाही. सोमाएफएमचं ‘ड्रोन झोन’ हे श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं, जाहिराती नाहीत. लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, धरूनही शोधता येतं. शिकागोचं क्रँकी आणि टेलर ड्यूप्रीचं ट्वेल्व्ह-के या दोन लेबलांवर वर्षभर पुरेल इतकं आहे. बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या साइटवर ‘ड्रोन’ (सलग लांबवलेले सूर) किंवा ‘अँबियंट’ या टॅगखाली अल्बम आख्खा ऐकून मग विकत घेता येतो आणि पैशातला मोठा वाटा कलाकाराकडे जातो.

आणि सापडलं की पुढे शोधत राहू नका. हे मी आग्रहाने सांगते. रोज नवं लावलं की रोज कान ते तपासायला जागे होतात. एकच अल्बम बरेच महिने, त्याच वेळी, तेवढ्याच आवाजात. नवं ऐकायची हौस दुपारी भागवा.

---

पहाटवारा

एक अडचण. मला संगीत हवं असतं आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाला पूर्ण शांतता. हेडबँड मला गरम होतं. काय करावं?

---

साउंडचेक

उशीखालचा स्पीकर घ्या. तो उशीतून फक्त तुमच्या कानाला ऐकू येईल इतका बारीक ठेवता येतो. मध्यभागी ठेवू नका, तुम्ही ज्या कुशीवर झोपता त्या बाजूला आणि उशीच्या खालच्या कडेजवळ ठेवा, म्हणजे टोचत नाही. सोबत अर्ध्या तासाचा टायमर. त्या माणसाला विचारून बघा, शेजारच्या उशीवर काही ऐकू येतंय का. येत असेल तर आधी वरचे पट्टे कमी करा आणि मग आवाज. हवेतून पलीकडे पोचते ती मुख्यतः वरची किणकिणच.